बावीस पावलं नाल्यापलीकडे

थेओग्नोसियाची द्राक्षं उन्हात पसरून चार दिवस झाले होते, तेव्हा ओनूफ्रिओस आला. हा वाईन मंडळाचा निरीक्षक. पस्तिशीचा, अंगाने बारीक, सतत घाम पुसणारा, आणि इतका सज्जन की दुसऱ्याची चूक सापडली तर यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. क्रूसाच्या देवळाचं अंगण त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून काढलं. हातात फोन धरलेला. मग उलटा चालत आला. मग नाल्याच्या कोरड्या पात्रात उतरला, पलीकडच्या काठावर चढला, आणि पुन्हा इकडे आला.

मी देवळाच्या दारात दिव्यांच्या काचा पुसत बसलो होतो. क्रूसाचा सण तीन दिवसांवर आला होता. देवळात डाव्या बाजूच्या गाणाऱ्यांत मी एकतीस वर्षं उभा राहतोय, आणि गाणाऱ्याचे हात रिकामे दिसले की आमचे पाद्रीबाबा त्याला फडकं देतात.

"काय रे, काही हरवलं का?" थेओग्नोसियाने विचारलं. ती अंगणात पसरलेल्या चादरींवर वाकून द्राक्षांचे घोस उलटत होती. सकाळी एक अंग, दुपारी दुसरं. वाळवणीत याहून मोठी विद्या नाही, पण कंटाळा करून चालत नाही.

"मावशी," तो म्हणाला, "हे देऊळ कुठल्या गावचं?"

"हा काय प्रश्न झाला? आपलं. कालोव्रिसीचं."

"नकाशा म्हणतो, स्कालोसचं."

"नकाशाला म्हणावं, रविवारी ये आणि आत कोण गातंय ते ऐकून जा."

तो हसला नाही. त्याने फोन तिच्यापुढे धरला. मीही काच खाली ठेवून गेलो. नाल्याच्या मधून एक हिरवी रेघ गेली होती आणि एक निळा ठिपका, म्हणजे आम्ही तिघं, रेघेच्या पलीकडे होतो. थेओग्नोसिया चार पावलं डावीकडे सरकली. ठिपका सरकला, पण रेघ ओलांडून काही आला नाही.

आमची कुमांदारिया ही गोड वाईन. ते नाव बाटलीवर लावायचा हक्क फक्त चौदा गावांना आहे. द्राक्ष त्या चौदा गावांच्या हद्दीत पिकलं पाहिजे आणि त्याच हद्दीत उन्हात वाळलं पाहिजे. कालोव्रिसी त्या चौदांत आहे, स्कालोस नाही. आणि नाल्यापासून देवळाच्या अंगणापर्यंत बावीस पावलं. ओनूफ्रिओस गेल्यावर मी स्वतः मोजली, दोनदा.

आता तुम्ही विचाराल, एवढं मोठं देऊळ शेजारच्या गावात उभं आहे हे गावातल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं? नव्हतं. सण आम्ही करतो. घंटा आम्ही वाजवतो. मिरवणुकीत क्रूस घेऊन जाणारे आमचे पाद्री, दिव्यात तेल आमचं. स्कालोसचे लोक सणाला येतात ते पाहुण्यासारखे, टोपी हातात घेऊन. जिथे आपण गुडघे टेकतो ती जागा आपली, यापलीकडे कुणी विचारच केला नाही. थेओग्नोसियाच्या पणजोबांनी गारांच्या वर्षी इथेच नवस केला होता: माझ्या वेली वाचू देत, पहिल्या तोडणीची द्राक्षं दर वर्षी तुझ्यासमोर वाळवीन. वेली वाचल्या. तेव्हापासून चार पिढ्या त्या घरची खालच्या मळ्यातली द्राक्षं क्रूसासमोर पसरली जातात. सरकारी अर्जात 'वाळवणीची जागा' या रकान्यात दर वर्षी लिहिलं जायचं, 'क्रूसाच्या देवळासमोर'. जुने निरीक्षक इथलेच. ते वाचायचे, पाया पडायचे आणि सही करायचे.

यंदाच्या अर्जात मात्र नकाशावरचा नेमका बिंदू मागितला होता. आणि तो मागावा म्हणून दोन वर्षं कोण मागे लागलं होतं? थेओग्नोसियाच.

लिमासोलहून वाईनच्या धंद्याचं एक मासिक निघतं. त्यात ती पंधरा वर्षं सदर लिहितेय, 'बुचाआडून' नावाचं. कर कुठे वाढला, बाटलीवर काय काय छापायची सक्ती येतेय, परदेशातला कुठला आयातदार फसवतो, तरुण मुलं दारूऐवजी काय पितात, सगळं त्यात. बंदरावरचे मोठे व्यापारी आधी ते पान उघडतात आणि मग लिहिणारीच्या नावाने खडे फोडतात. कारण त्यांना द्राक्षं खाली समुद्राकाठच्या सपाट जमिनीवर, यंत्राच्या मदतीने, स्वस्तात वाळवायची आहेत, आणि ती दर दोन वर्षांनी तेच लिहिते: हद्द म्हणजे हद्द. अंगठ्याएवढीही सूट नको. नकाशावर बिंदू मागा, म्हणजे कोण कुठे वाळवतं ते कळेल.

ते आता कळलं होतं.

"मावशी," ओनूफ्रिओस खाली बघत म्हणाला, "मी आज इथे आलोच नाही असं समजा. या चादरी उचला, घराच्या गच्चीवर न्या. मी शनिवारी येतो आणि तिथला बिंदू घेतो."

थेओग्नोसियाने एक घोस उचलला. मणी सुरकुतायला लागले होते, काळ्याचे तपकिरी झाले होते.

"चादरी नेईन रे. पण यांनी खाल्लेलं चार दिवसांचं ऊन कुठे हलवू?"

त्याने घाम पुसला. अहवाल सोमवारी द्यायचा आहे एवढंच सांगितलं आणि गाडीकडे गेला.

*

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. तिच्या मुलाचा बाप्तिस्मा माझ्या मांडीवर झाला, म्हणून ती मला कुंबारे म्हणते. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या नात्याहून तसूभर वरचंच. नवरा हांबिस अंगणात टेम्पोचं चाक काढून बसला होता.

"ऐकलंस का कुंबारे?" तो म्हणाला. "बायकोने दुसऱ्यासाठी खड्डा खणला. असा ऐसपैस खणला, की त्यात आमचा टेम्पोसुद्धा मावला."

"तुझा टेम्पो खड्ड्याबाहेर असतो कधी?" आतून आवाज आला.

पण चेष्टा तेवढ्यावरच थांबली. आकडा साधा होता. यंदा तिने स्वीडनच्या एका आयातदाराला तीन हजार बाटल्या कबूल केल्या होत्या, कुमांदारिया म्हणून. त्यातल्या अठराशे बाटल्यांची द्राक्षं क्रूसासमोर पडली होती. बाराशेंची अजून वरच्या मळ्यात वेलीवर होती. वरचा मळा थंड, तिथे तोडणी पुढच्या आठवड्यात. म्हणजे अर्ध्याहून जास्त वाईनचं नाव गेलं होतं, आणि नाव गेलं की ती नुसती गोड वाईन, जिला कुणीही कुठेही बनवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या कॉफीच्या दुकानात प्रोकोपिस हजर. बंदरावरचा व्यापारी, गोदामं त्याची, ती सपाट जमीन त्याची, आणि 'बुचाआडून'मध्ये सगळ्यात जास्त वेळा ज्याची सालं काढली गेली तोही हाच. मोठ्या पोटाचा, मोठ्या हसण्याचा माणूस. त्याची आई आमच्या डोंगरातली, त्यामुळे बोलता बोलता यमक जुळवायची खोड रक्तातच. बातमी त्याला कुणी दिली देव जाणे. आमच्याकडे बातमीला गाडी लागत नाही.

"बाईसाहेब," तो थेओग्नोसियासाठी खुर्ची ओढत म्हणाला, "भांडण भांडणाच्या जागी. पण चार पिढ्यांचा नवस, आणि एक फोन येऊन सांगतो की नाही? मला झोप नाही लागली."

"तुला झोप लागत नाही हे मी तीन लेखांत लिहिलंय," ती म्हणाली. "कॉफी घेणार का?"

त्याने कॉफी घेतली आणि खिशातून कागद काढला. मंडळाच्या समितीला द्यायचा अर्ज होता तो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वाळवणीच्या जागांना, त्या हद्दीबाहेर असल्या तरी, सूट मिळावी. खाली नऊ सह्या होत्या. समितीची बैठक सोमवारी.

"दहावी सही तुमची," प्रोकोपिस म्हणाला. "तुमची सही असली की समितीतलं कुणी तोंड उघडणार नाही. ज्या बाईने हद्द राखली तीच सूट मागतेय, मग ती न्यायाचीच असणार, नाही का? तुमची अठराशे बाटल्यांची वाईन वाचली, नवस वाचला. रविवारी सणाला येतो, तेव्हा द्या. घाई नाही."

तो गेला आणि दुकानात एकच गलका उडाला. सगळ्यांचं एक मत: सही कर. हांबिसचं तेच. आणि खोटं कशाला सांगू, मीही तेच म्हणालो.

"कुंबारे, तू पण?" ती म्हणाली.

"अगं, देवळाचं अंगण आहे. कुणी चोरून वाळवतंय का?"

तिने कागद घडी करून कॉफीच्या बशीखाली ठेवला. "हे वाच नीट. 'पिढ्यान्‌पिढ्या' म्हणजे किती, हे लिहिलंय? नाही. 'जागा' म्हणजे अंगण की गोदाम, लिहिलंय? नाही. प्रोकोपिसच्या आज्याने समुद्राकाठी एकदा तरी मनुके वाळवले असतील ना? झालं. पुढच्या वर्षी तिथे यंत्रं लागतील आणि बाटलीवर आपलंच नाव."

"पण तुझी वाईन—"

"माझ्याकडे जहाज नाही, गोदाम नाही, जाहिरातीला पैसा नाही. एक नाव आहे. ते कशामुळे चालतं? दुसऱ्याला लावता येत नाही म्हणून. आणि धंद्याचं म्हणशील तर, जग कमी प्यायला लागलंय. लोक छाती बडवतात. मी नाही बडवत. जास्त पिणारा काहीही पितो. जो कमी पितो, तो विचारून पितो: कुठली, कुणाची, कशी केली. पुढची वीस वर्षं त्या विचारणाऱ्याची आहेत. त्याला मी काय सांगू? हद्दीतली आहे, पण थोडी सूट घेतलीय?"

मग तीच हळू आवाजात म्हणाली, "धंद्याचं मला कळतं. नवसाचं कळत नाही. नियम राखला तर पुढच्या वर्षीपासून क्रूसासमोर एक मणीसुद्धा पडणार नाही. पणजोबांना काय तोंड दाखवू?"

एवढंच तिचं अडलं होतं. सहीचं तिने कधीच ठरवलं होतं, पण ठरवलेल्याचा भार उचलवत नव्हता.

*

रविवारी सण. आमचे पाद्री पापा-नेओफितोस प्रवचन बोलत नाहीत, गातात. अर्धं वाक्य बोलतात, आणि अर्थ भरून आला की ते आपोआप सुरावर चढतं. आम्ही डावी-उजवीकडचे गाणारे खालचा षड्ज धरून ठेवतो, ते वर फिरून येतात. शहरातले लोक म्हणतात, हे नियमात बसत नाही. नसेल. मी मात्र या गाण्यासाठी आठवडाभर जगतो. माणसाच्या कानात देव शिरायचा असेल तर सुरासारखी दुसरी वाट नाही असं माझं मत आहे, आणि या वयात ते बदलणार नाही.

त्या दिवशी देवळात रानतुळशीचा वास भरला होता. सणाला क्रूसाभोवती तिच्या जुड्या ठेवतात आणि शेवटी प्रत्येकाला एक काडी मिळते. पाद्रीबाबांनी क्रूस सापडल्याची कथा लावली. दर वर्षी तीच कथा. सम्राज्ञी एलेनी जेरुसलेमला जाते, जमीन खणते, आणि खड्ड्यात एक नाही, तीन क्रूस सापडतात. एक प्रभूचा, दोन चोरांचे. कुठला कुणाचा?

"पाटी होती," पाद्रीबाबा गाऊ लागले. "नावाची पाटी होती. पण ती निखळून बाजूला पडली होती, लेकरांनो! तिन्ही लाकडं सारखी, तिन्हींना माती लागलेली. आता नाव कोण सांगणार?"

आम्ही सूर धरला. ते वर गेले.

"एका आजारी बाईला आणलं. पहिलं लाकूड लावलं, काही नाही. दुसरं लावलं, काही नाही. तिसरं लावलं, आणि ती उठून बसली. पाटी नव्हती, तरी ओळख पटली! पाटी पडली म्हणून क्रूस क्रूस राहिला नाही का? आणि चोरांच्या लाकडांवर पाटी ठोकली असती, तर ती बाई उठली असती का?"

शेवटचा शब्द त्यांनी इतका लांबवला की माझा श्वास पुरेना. मी मान वळवली. बायकांच्या बाजूला थेओग्नोसिया उभी होती, डोळ्याला रुमाल. पाद्रीबाबांना वाईनची बातमी ठाऊक होती की नव्हती, मी पुढे कधी विचारलं नाही. कथा दर वर्षीचीच होती. ऐकणारीची गरज मात्र यंदाची.

सुटल्यावर ती त्यांच्यापुढे गेली. हातातली तुळशीची काडी चुरगळत म्हणाली, "बाबा, नवस मोडावा लागणार."

"नवस कशाचा होता?"

"द्राक्षं क्रूसासमोर वाळवायची."

"नावाचा होता?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग मोडतोय कुठे? वाळव ना. वेदीवरच्या पेल्यात प्रसादाची वाईन असते, तिला लेबल नसतं, बाई. माझा पेला दर रविवारी रिकामा होतो."

"तुम्ही वर्षाला किती बाटल्या संपवता?"

"चाळीस."

"माझ्या अठराशे होतायत, बाबा."

"मग मला दीर्घायुष्य मागून घे," असं म्हणून ते हसत पुढच्याच्या कपाळाला तेल लावायला वळले. पण तिच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलेलं मला दिसलं. ती ताठ चालत बाहेर आली.

*

अंगणाच्या एका भागात तिच्या चादरी, दुसऱ्या भागात जत्रा. सणाला उपास असतो, मांस नाही. तरी टेबलं भरली होती. द्राक्षरसात बुडवून वाळवलेल्या बदामांच्या माळा, रसाची घट्ट खीर, ऑलिव्ह, ताजा पाव, आणि गेल्या वर्षीची कुमांदारिया. जेवणं आटपत आली की खरुबाच्या झाडाखाली सवाल-जवाब सुरू होतात. दोन ओळी, यमक पक्कं, लोक दहा टाळ्या मोजेपर्यंत उत्तर आलं पाहिजे. ज्याला उत्तर सुचणार नाही त्याने सगळ्यांदेखत पेलाभर पाणी प्यायचं. आणि सवाल-जवाबात जे बोललं गेलं त्याचा राग घरी न्यायचा नाही, हा नियम तर सरकारच्या कुठल्याही नियमाहून जुना.

व्हायोलिनवाल्याने सूर लावला. प्रोकोपिस मिशा पुसत उठला. खिशातून तो कागद काढून त्याने टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं, आणि थेओग्नोसियाकडे बघून म्हणाला,

"पंधरा वर्षं दाखवलीस तू जगाला गं हद्द,
तुझीच द्राक्षं पार झाली, आता कर ती रद्द!"

लोक ओरडले. स्कालोसचे पाहुणे तर जास्तच. गावाची बाजू राखणं माझं काम. एकतीस वर्षांच्या गाण्याचा एवढा तरी उपयोग. मी उठलो.

"बंदरावरचा शेट बघा डोंगर चढून आला,
कोल्हा कधी देवासाठी मळ्यात होता गेला?"

"बस्स कुंबारे!" कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. प्रोकोपिसला टाळी संपायचीही वाट बघवेना.

"कोल्हा म्हण की लांडगा म्हण, कागद माझा खरा,
सही कर अन् नाव वाचव, हट्ट सोड बरा!"

मी तोंड उघडणार, तोच माझ्या दंडाला हात लागला. "बस खाली," थेओग्नोसिया म्हणाली. "मला विचारलंय त्याने."

बायका आमच्याकडे सवाल-जवाबात सहसा उतरत नाहीत. कडेला बसून पुरुषांना शब्द पुरवतात आणि मग पुरुष ते आपलेच म्हणून मिरवतात. ती झाडाखाली जाऊन उभी राहिली तशी जत्रा झाडाकडे सरकली. हांबिसने हातातला पाव खाली ठेवला.

"सही केली तर राहील माझ्या बाटलीवरचं नाव,
उद्या तुझ्या गोदामाचंही होईल डोंगरगाव!"

पहिल्यांदा टाळी पडली ती हांबिसची. मग सगळ्यांची. ज्यांनी दोन दिवस तिला सही कर, सही कर म्हणून भंडावलं होतं, त्यांच्या डोक्यात त्या दोन ओळींनी जो प्रकाश पडला तो कॉफीच्या दुकानातल्या तासभर बोलण्याने पडला नव्हता. प्रोकोपिसचं हसू जरा आकसलं. पण तो कसलेला गडी.

"नावाशिवाय विकशील काय? बाजार आहे बहिरा,
काचेच्या त्या तुकड्याला कोण म्हणेल हिरा?"

हा घाव खरा होता, आणि सगळ्यांना कळला. व्हायोलिनवाला सूर धरून थांबला. लोक टाळ्या देत होते, एक, दोन, तीन. थेओग्नोसियाने आपल्या चादरींकडे पाहिलं. मग टेबलावरचा कागद उचलला, नीट चौकोनी घडी केली, प्रोकोपिसच्या कोटाच्या वरच्या खिशात रुमालासारखी खोचली, आणि त्याच्या छातीवर हात ठेवून म्हणाली,

"बावीस पावलं चुकलं माझं, माझी मी भरीन चूक,
माझ्या पदरी बांधू नकोस तुझ्या पोटची भूक!"

खरुबाच्या झाडावरची पाखरं उडाली एवढा आवाज झाला. स्कालोसचा एक म्हातारा उठून नाचायला लागला. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी मोजणीच्या. एक. दोन. प्रोकोपिसचे ओठ हलत होते. भूक, चूक, अजून काय जुळतं, शोधत होता बिचारा. सात झाल्या, आठ झाल्या. मग त्याने दोन्ही हात वर केले.

"पाणी आणा रे," तो म्हणाला. "थंड असू द्या."

त्याने ते एका दमात प्यायलं, तोंड पुसलं आणि तिला म्हणाला, "बाईसाहेब, अर्ज मी नऊ सह्यांनी देणारच."

"दे की. मी पुढच्या अंकात त्यावर लिहिणारच."

"माझ्या पोटावर दोन ओळी कमी लिहा."

"जागा किती आहे त्यावर बघू," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढे बदामांची माळ सरकवली.

ती परत जागेवर बसेना. झाडाखालीच उभी राहून म्हणाली, "ऐका आता, यमक नाही यात. या चादरींवरची वाईन कुमांदारिया नाही. मी उद्या तसं लिहून देणार आणि मासिकातही छापणार. कुणी विचारलं तर तुम्हीही तसंच सांगायचं. वरचा मळा बाकी आहे, बाराशे बाटल्यांचा. माझी गच्ची त्याला पुरत नाही. कुणाची गच्ची नाल्याच्या अलीकडे आहे?"

हात वर व्हायला लागले. मी मोजले नाहीत. माझाही त्यात होता. हांबिस म्हणाला, "हळू, हळू, टेम्पोला तीनच चाकं आहेत."

*

सोमवारी सकाळी ओनूफ्रिओस आला तो गोंधळून. तिने त्याला अकरा गच्च्यांवर चढवलं. प्रत्येक गच्चीवर त्याने फोन धरला, बिंदू घेतला, आणि प्रत्येक गच्चीवर घरच्या बाईने त्याला काहीतरी खायला दिलं. माझ्या गच्चीवर पोहोचला तेव्हा त्याला धड वाकवत नव्हतं.

"अकराही आत," तो म्हणाला, आणि स्वतःचाच मुलगा पास झाल्यासारखा खूश झाला.

"दोनदा बघितलंस?" थेओग्नोसिया.

"मावशी, तीनदा."

स्वीडनच्या आयातदाराला तिने पहाटेच लिहिलं होतं, सगळं, बावीस पावलांसकट: नावाच्या बाराशे बाटल्या नक्की, बाकीच्या अठराशे बिननावाच्या, पटल्या तर घ्या, भाव वेगळा. दुपारी उत्तर आलं, एका ओळीचं. बाराशे ठरल्याप्रमाणे; बिननावाच्या सहा बाटल्या चवीला पाठवा. हांबिस म्हणाला, सहा म्हणजे काही अठराशे नव्हेत. ती म्हणाली, शून्यही नव्हेत. आणि लगेच एक ओळ लिहून घेतली, पुढच्या महिन्याच्या सदरासाठी. काय लिहिलंय ते मला दाखवलं नाही.

मग आम्ही चौघं देवळापाशी गेलो. दुपारचं ऊन चादरींवर सरळ पडलं होतं. दिवसाअखेर घोस गोळा करायचे होते; रस आता मधासारखा झाला होता, बोट लावलं की चिकटायचं. ओनूफ्रिओस पायरीवर बसला, मांडीवर संगणक घेऊन, आणि अर्ज भरू लागला. मालकाचं नाव, मळा, वजन. मग तो थांबला.

"मावशी, वाईनचं नाव?"

"रिकामं ठेव."

"रिकामं ठेवलं तर हे पुढे जात नाही."

"मग लिही, उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाईन."

त्याने लिहिलं. "आणि वाळवणीची जागा?"

ती देवळाच्या दाराकडे वळली. आतून पाद्रीबाबांचा आवाज येत होता. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी ते एकटेच गुणगुणत दिवे लावतात. मला वाटलं, ती म्हणेल, क्रूसाच्या देवळासमोर, नेहमीसारखं.

"स्कालोस," ती म्हणाली.

हांबिस दचकला. "अगं, त्यांना कळलं तर ते उद्या घंटेची दोरी मागायला येतील!"

"येऊ देत. वाजवता आली तर वाजवतील. देऊळ तिथे आहे ना?" तिने एप्रनला हातांचा चिकटा पुसला आणि ओनूफ्रिओसकडे वळली. "लिही रे. गाव: स्कालोस. बिंदू टाक."

त्याने फोन उचलला, आकडे एकेक करून वाचले आणि टाकले. मग बटण दाबलं. संगणकावरचं चक्र थोडा वेळ फिरत राहिलं आणि अर्ज पुढच्या पानावर गेला.